मधली पोकळी

क्योतोच्या वायव्येला रांदेनची छोटी ट्राम जाते. रिओआन-जी स्थानकावर उतरलं, की घरांच्या आणि दुकानांच्या गल्लीतून सात-आठ मिनिटांत त्याच नावाचं देऊळ.

बूट काढून ओसरीवर बसले. समोर साधारण पंचवीस मीटर लांब आणि दहा मीटर रुंद अंगण. पांढरी खडी, तिच्यावर दाताळ्याने ओढलेल्या रेघा, पंधरा दगड आणि त्यांच्या बुडाशी शेवाळ. आत झाड एकही नाही. ओसरीवर कुठेही बसा, एक तरी दगड दुसऱ्याआड जातो, हे वाचून गेले होते. तिथेच घात झाला. शांतता शोधत एवढ्या लांब आलेली मी पहिली दहा मिनिटं दगड मोजत बसले. चौदा. जरा सरकले. पुन्हा चौदा. शेजारचा शाळकरी मुलगाही बोटांवर मोजत होता, म्हणून थोडं बरं वाटलं.

या जागेचं नाव 'शांत ड्रॅगन' अशा अर्थाचं, पण संस्थापक शांत नव्हता. होसोकावा कात्सुमोतो हा शोगुनचा, म्हणजे जपानच्या लष्करी शासकाचा, बडा सरदार. त्याने 1450 मध्ये हे झेन देऊळ उभारलं. पुढे शोगुनचा वारस कोण, या वादातून 1467 मध्ये ओनिनचं युद्ध पेटलं. एका बाजूला कात्सुमोतो, दुसऱ्या बाजूला यामाना सोझेन, म्हणजे त्याचाच सासरा. जावई-सासऱ्यांनी राजधानीच्या रस्त्यांतच सैन्यं भिडवली. क्योतोचा मोठा भाग राख झाला, त्यात हे देऊळही गेलं. 1473 मध्ये दोघेही वारले. लढाई मात्र आणखी चार वर्षं चालूच राहिली. 1488 मध्ये कात्सुमोतोच्या मुलाने देऊळ पुन्हा बांधलं. 1797 मध्ये ते परत आगीत सापडलं. ओसरीवर बसून 'शाश्वत शांती' वगैरे शब्द सुचू लागले, की हा हिशेब आठवावा.

ही बाग कोणी रचली यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. पण एका दगडाच्या पाठीवर दोन नावं कोरलेली आहेत. त्यातलं एक कोतारो. ही कावारामोनोंची, म्हणजे 'नदीकाठच्या माणसांची' नावं असावीत, असं मानतात. जनावरं मारणं, कातडी सोलणं ही त्यांची कामं, म्हणून ते अपवित्र. वस्ती नदीच्या पात्रालगत, शहराबाहेर. गावकुसाबाहेर म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. आणि त्यांच्यातूनच त्या काळचे नामांकित बागकार निघाले. झेनआमी तर शोगुन योशिमासाचा खास माणूस होता. माळी अस्पृश्य, बाग मात्र पवित्र! कोतारोने छिन्नी चालवली ती दगडाच्या मागच्या अंगाला. ओसरीवरून ते नाव दिसत नाही. पंधराव्या दगडाचं मला मग फारसं काही वाटेनासं झालं.

मागच्या बाजूला हात धुण्याची दगडी कुंडी आहे. ती इतकी बुटकी, की उकिडवं बसल्याशिवाय पाणी मिळत नाही. आकार जुन्या नाण्यासारखा: गोल, मधे चौकोनी भोक. भोकाच्या चार बाजूंना चार चिन्हं. सुटी वाचली तर त्यांतून काही धड अर्थ निघत नाही. मधला चौकोन म्हणजे चिनी लिपीतलं 'तोंड'. तो प्रत्येक चिन्हाला जोडून वाचला, की वाक्य होतं. आशय असा: मला फक्त पुरेसं म्हणजे काय ते कळतं. जो पुरे म्हणू शकतो तोच श्रीमंत, हा विचार प्राचीन चिनी विचारवंत लाओत्सेच्या ग्रंथातला. भांडं उपयोगी पडतं ते त्याच्या पोकळीमुळे, हेही त्याचंच म्हणणं. आपलं 'ध्यान' चीनमध्ये गेलं, तिथे 'चान' झालं, लाओत्सेला मानणाऱ्यांच्या शेजारात वाढलं आणि जपानात 'झेन' होऊन पोचलं. या कुंडीत ते दोन्ही शेजारी एकत्र भेटतात, तेही नाण्याच्या आकारात. करणाऱ्याच्या मिश्किलपणाला दाद द्यावीशी वाटली. माझ्या मागे रांग होती, तरी दोनदा ओणवी झाले.

पाहुण्यांना दिसते ती कुंडी प्रतिकृती आहे. मूळ कुंडी आत, चहाघराजवळ.

जाणार असाल तर मार्च ते नोव्हेंबर देऊळ सकाळी आठला उघडतं. आठलाच जा, शाळांच्या सहली यायच्या आत. आणि दगड एकदाच मोजा.