ताडोबाच्या वाटेवरील खांब

मोहर्लीच्या नाक्यावरून आत शिरलेला रस्ता ताडोबा तलावाची दिशा धरू लागला, की त्याच्या कडेला, बांबूच्या रांज्यांत अर्धेमुर्धे बुडालेले आणि पावसाळ्यांनी काळवंडलेले दगडी खांब अंतराअंतराने उभे असलेले दिसतात. आमच्या जिप्सीतील सर्वांचे नेत्र वाघाच्या आशेने दुतर्फाच्या झुडपांत गुंतले होते, आणि माझेही त्याच कामी लागले होते. परंतु त्या खांबांपैकी एकाच्या माथ्याशी असलेल्या पोकळीवर माझी दृष्टी जी अडकली, ती पुढे दिवसभर तिथून निघाली नाही. मी विचारले, तेव्हा पुढच्या बाकावरून मान वळवून आमचा गाईड म्हणाला, "गोंड राजाचा टेलिफोन आहे हा, सर. वरून दोरी जात होती, दोरीले घंटी. राजा चांद्याहून निघाला का इकडून ओढत, तिकडं कळत."

एवढे सांगून तो पुन्हा समोर पाहू लागला. मी मात्र त्या दोरीच्या विचारात पडलो. इतक्या लांब पल्ल्याची दोरी कोणी वळली असेल? अंबाडीची असेल, की पळसाची मुळे ठेचून निघणाऱ्या वाकाची? मृगाच्या पहिल्या सरीत ती भिजून जड होई, तेव्हा तिच्या ओढीने घंटा वाजे की नुसतीच कण्हे? वानरांच्या टोळ्यांनी तिच्यावर झोके घेऊन राजाच्या आगमनाची किती वेळा खोटी वर्दी दिली असेल? आणि सर्वांत अधिक मनात राहिला तो खांबाच्या बुडाशी बसणारा मनुष्य, ज्याला राजाचे मुख बहुधा कधीच दिसले नसेल, ज्याचे सारे इमान एका घंटेच्या नादाशी बांधलेले होते, आणि दोन नादांमधील दीर्घ, निर्जन काळात ज्याने या अरण्याचे इतर सर्व नाद निरुपायाने आणि म्हणूनच परिपूर्णतेने ऐकले असतील. १७५१ मध्ये चांद्याचे, म्हणजे आजच्या चंद्रपूरचे, राज्य नागपूरकर भोसल्यांच्या मुलखात सामील झाले. राजांच्या नावांच्या वंशावळी लिहिल्या गेल्या. दोरी ओढणाऱ्याच्या नावाची सनद कोणाच्याही दफ्तरात नाही.

चंद्रपुरास मुक्काम केलेल्या माणसाला हे अरण्यदर्शन अर्ध्या दिवसात उरकता येते. पहाटे शहर सोडावे, आणि दुर्गापूर, ऊर्जानगर, पद्मापूर ही गावे मागे टाकीत मोहर्ली गाठावी. या वाटेवर प्रथम येते ते २९२० मेगावॉट क्षमतेचे औष्णिक विद्युतकेंद्र, ज्याच्या चिमण्यांवरील तांबडे दिवे अंधारात फार दूरवरून दिसतात. त्याच्या आसपास कोळशाच्या खाणी आहेत, आणि अजून थोडे पुढे गेले की त्या केंद्राची तहान भागवणाऱ्या इरई धरणाचे पाणी रस्त्याला सोबत करू लागते. राखेचा वास नाकातून पुरता गेलेला नसतो तोच मोहफुलांचा, किंवा हंगाम उलटला असेल तर वाळल्या सागपानांचा, वास येऊ लागतो. कोळसा आणि वाघ यांचा इतका निकट शेजार मी अन्यत्र कुठे पाहिलेला नाही. विद्युतकेंद्राच्या आवारातील झुडपांतही वाघांचा वावर असतो, हे चंद्रपूरकर वाहतुकीच्या बातमीइतक्या सहजपणे सांगतात.

नाक्यावर परवाना, ओळखपत्र, गाडीचा क्रमांक यांची नोंद झाली, फाटक उघडले, आणि थोड्याच वेळात गाईडने हात वर करून गाडी थांबवली. "इंजिन बंद." समोर काहीच नव्हते. ऐनाची मगरीच्या पाठीसारखी चिरलेली खोडे, पांढऱ्या सालीचे निष्पर्ण करूचे झाड, धुळीत रानकोंबडीच्या पावलांची नक्षी, बस्स. त्याने डोळे मिटले होते. मग मलाही ऐकू आले: दूर, नाल्यापलीकडे, चितळाचा तीक्ष्ण, वरच्या पट्टीतला, छोटासा हाकारा, पुन्हा एकदा, आणि त्यावर कुठल्यातरी झाडाच्या शेंड्यावरून वानराचे घोगरे खकारणे. "चितळाचा कॉल आहे," तो पुटपुटला, "पण चितळ कशालेही भिते. सांबर बोललं तर पक्कं."

यात एक संपूर्ण शास्त्र आहे आणि ते या भागातील गावांनी पिढ्यानुपिढ्या जतन केले आहे. वानर उंचावर असते म्हणून त्याला श्वापद आधी दिसते, आणि ते दिसत असेतोवर वानर त्याच्याकडे तोंड करून ओरडत राहते. चितळांचा कळप बहुधा त्याच झाडाखाली, वानरांनी टाकलेला पाला व फळे टिपीत चरत असतो, त्यामुळे एकाचे डोळे आणि दुसऱ्याचे नाक यांची भागीदारी जुळते. चितळ बिबट्याला पाहून ओरडेल, रानकुत्र्यांना पाहून ओरडेल, क्वचित् नुसत्या संशयावरूनही ओरडेल. सांबर सहसा बोलत नाही; पण त्याने पाय आपटून आपला तो खोल, ढांक असा स्वर काढला, की जाणता गाईड गाडीचे तोंड त्या दिशेला फिरवतो. वाघ चालू लागला की हाकारे त्याच्याबरोबर सरकतात, आणि एकामागून एक उठलेल्या हाकाऱ्यांच्या जागा मनात जोडून, तो कोणत्या पाणवठ्यावर उतरेल याचा अंदाज बांधतात. वाघ बसला की सारे थांबते. थांबलेले आवाज वाचणे हा त्या विद्येचा कठीण भाग.

ही विद्या मी लहानपणी माझ्या थोरल्या मामांच्या मुखावर पाहिली होती. मामा जुन्या चांदा जिल्ह्यात, ब्रह्मपुरी तहसिलीतील एका जंगलनाक्यावर नाकेदार होते. मालगुजारी नुकतीच खालसा झाली होती. पूर्वी मालगुजाराच्या शब्दावर जंगलातून निस्ताराचे, म्हणजे घरवापराच्या हक्काचे, सरपण आणणाऱ्या गावकऱ्यांना आता सरकारी हुकूम आणि पावत्या यांच्याशी व्यवहार शिकावा लागत होता, आणि तो शिकवण्याचे काम मामांसारख्या अल्पवेतनी माणसांच्या शिरावर पडले होते. मातीच्या भिंतींचे, कवेलूच्या छपराचे ते घर, पुढे रस्त्यावर आडवा टाकलेला बांबू, आणि ओसरीवर लाकडी पेटीत ठेवलेल्या रवन्न्यांच्या, म्हणजे जंगलातला माल नेण्याच्या परवान्यांच्या, वह्या: उन्हाळ्याच्या सुटीत आम्हा भाचरांचे सारे साम्राज्य एवढेच होते. गाडीवान येत, रवन्ना दाखवीत, मामा बांबू मोजीत, वहीत कैफियत लिहीत आणि आडवा बांबू वर करीत. संध्याकाळी हे सारे थांबले की अंगणात बाज पडे. मामी कंदिलाची काच राखेने पुसत, आणि मामा बाजेवर पडून, डोक्याखाली हात घेऊन, ऐकत.

त्यांच्या त्या ऐकण्यात ताण नव्हता. आमच्या गोष्टी चालू असत, ते हुंकार देत, मामींना उद्याच्या पिठाबद्दल विचारीत, आणि मध्येच एखाद्या वाक्याच्या अर्ध्यावर त्यांची मुद्रा अशी काही स्थिर होई की आम्ही मुले आपोआप गप्प बसत असू. "भेकर," ते म्हणत. किंवा, "रातवा आहे, काही नाही." किंवा काहीच न म्हणता उठून गोऱ्हा परसातून ओसरीवर आणून बांधीत. एका रात्री, जेवणे व्हायची होती तेव्हा, बांबूने भरलेल्या गाड्यांची एक रांग नाक्याशी आली. गाडीवानांना रातोरात मजल मारायची होती. चांदणे होते, बैल ताजे होते. मामांनी रवन्ने तपासले, वहीत नोंद केली, सही केली, सारे कागद यथास्थित परत दिले, आणि आडवा बांबू मात्र वर केला नाही. म्हातारा गाडीवान हात जोडून म्हणाला, "आता कायले अडवता, साहेब? पोचून जाऊ आम्ही." मामा म्हणाले, "सांबर दोनदा बोललं. दोन्ही खेपा रस्त्यावरून. सकाळी जा, बाबा."

त्यावर कोणी वाद घातला नाही, हे मला आजही विलक्षण वाटते. सरकारी माणसाच्या हुकमाला ते भ्याले असते तर कुरकुर तरी केली असती; परंतु सांबराचे नाव निघताच त्या म्हाताऱ्याने मान डोलावली आणि बैल सोडले. ओसरीसमोर तीन दगडांची चूल पेटली, भात शिजला, मामींनी आंब्याच्या लोणच्याची बरणी बाहेर पाठवली, आणि रात्री उशिरापर्यंत त्या गाडीवानांच्या बोलण्याचा, मधूनच खोकल्याचा, बैलांच्या गळ्यांतील घुंगरांचा आवाज येत राहिला. सकाळी मामा मला हाताला धरून नाक्यापलीकडे घेऊन गेले. रस्त्याच्या मऊ फुफाट्यात, गाड्यांच्या चाकोरीतूनच, वाघाची पावले गेली होती: गोल, मोठी, नखांचा मागमूस नसलेली, कारण वाघ चालताना नखे आत ओढून घेतो, आणि एका ठिकाणी त्या पावलावर रात्री पडलेले मोहाचे एक फूल टवटवीत होते. म्हातारा गाडीवान तिथे उकिडवा बसला, त्याने दोन बोटांनी पावलाच्या कडेची माती कपाळाला लावली, मग उठून बैल जुंपले. मामांनी बांबू वर केला. दोघांत एक शब्दही झाला नाही. वहीत त्या रात्रीच्या नोंदीपुढे, गाड्यांच्या विलंबाचे कारण म्हणून, मामांनी काय लिहिले होते ते पाहण्याची मला तेव्हा बुद्धी झाली नाही. तो कागद आता मिळाला तर मी त्यासाठी पुष्कळ किंमत मोजीन.

ताडोबात सांबर बोलले ते पांढरपवनीच्या पाणवठ्याच्या बाजूने. आमच्या गाडीच्या आधी अनेक गाड्या तिथे येऊन उभ्या होत्या. वाघीण झाडोऱ्यातून निघाली, पाण्याच्या काठाशी आली, वळली, आणि पाठमोरी, आधी शेपूट आणि मागचे पाय अशा क्रमाने, सावकाश पाण्यात बसली. बसताना तिने कान मागे वळवले, तेव्हा त्यांच्या काळ्या पाठीवरील शुभ्र ठिपके क्षणभर स्पष्ट दिसले. हे सौंदर्य वर्णन करण्याच्या भरीस मी पडत नाही. त्या वेळी कॅमेऱ्यांचा जो खडखडाट आणि पुढच्या गाडीला सरकण्याविषयी जी खुणवाखुणवी चालली होती, ती मला मनापासून नावडली, एवढे मात्र सांगतो. पाणवठ्यावर एका वेळी उभ्या राहणाऱ्या गाड्यांची संख्या थोडकी असावी आणि ती सक्तीने पाळली जावी, असे माझे ठाम मत आहे.

पुढे तलाव लागला. काठावरील वृक्षाखाली तारूचे ठाणे आहे. तो या परिसरातील एका गावचा प्रमुख, वाघाशी झुंजताना मेला आणि देव झाला, अशी कथा आहे, आणि ताडोबा हे नाव त्याचेच. पौषात त्याची जत्रा भरत असे. १९३५ मध्ये येथील शिकार बंद झाली, १९५५ मध्ये ११६ चौरस किलोमीटरांचे राष्ट्रीय उद्यान झाले, १९८६ मध्ये शेजारी अंधारी अभयारण्य आले, आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. महाराष्ट्रातील हे सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान. या प्रत्येक सालाचे मी मनःपूर्वक स्वागत करतो. परंतु वाघाला ज्याने मारले नाही, उलट वाघाने मारलेल्या माणसालाच ज्याने देव केले, त्या समाजाने हे अरण्य त्या सर्व सालांच्या आधी राखले होते, हेही त्याच पानावर लिहिले गेले पाहिजे. आजही मोह आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात भल्या पहाटे टोपली घेऊन निघालेली माणसे, बहुतेक वेळा बाया, या जिल्ह्यात वाघाकडून मारली जातात. गाडीत बसून वाघ पाहणाऱ्याने त्यांची आठवण ठेवणे हा उपकार नव्हे.

परतीच्या वाटेवर गाईडने गाडी एका विस्तीर्ण कुरणाच्या कडेला घेतली. गवत वाळून सोनेरी झाले होते, त्यात चितळे चरत होती, आणि पलीकडे एक एकाकी बोर व दोन जुने आंबे उभे होते. आंबा आपण होऊन असा ओळीने उगवत नाही. ही जामणी. गाव उठले, बाहेर नवी वसाहत झाली, आणि शेतांच्या जागी हे कुरण आले, जिथे आता वाघ हमखास दिसतो म्हणून पर्यटक येतात. नवेगावचेही असेच झाले. लोक बाहेर गेल्याने त्यांच्या मुलांना शाळा, दवाखाना, सडक जवळ आली आणि वाघांना कुरण मिळाले, हे खरे आहे आणि इष्टही आहे. पण आमच्यातील एकाने त्या कुरणाला "निसर्गाने घडवलेले मैदान" म्हटले, तेव्हा गाईडचा चेहरा मी पाहिला. तो रागावला नाही. त्याने एवढेच म्हटले, "धान होत होता इथं, सर. चांगला होत होता."

ताडोबाला जाल तेव्हा, आणि मंगळवार टाळून जा, कारण मंगळवारी ते बंद असते, गाईडला वाघाखेरीज एक प्रश्न अवश्य विचारा: जामणीत कोणाचे घर कुठे होते. तो हात करून जागा दाखवतो.