झासूचे हात

पुणे, रविवार

प्रिय मीनल,



तुझं पत्र मिळालं. तुमच्या नाट्यसंस्थेतल्या ज्या मुलीला आजवर फक्त विनोदी कामं मिळाली, तिला यंदा आईची गंभीर भूमिका द्यावी असं तुझ्या मनात आहे. बाकीचे म्हणतात, ती समोर आली की लोक हसणारच. मला काय वाटतं ते सांगते, पण आधी झासू पिट्स या चित्रपट-नटीची हकीकत ऐक.

झासूचा जन्म १८९४चा, अमेरिकेतल्या कॅन्ससमधला. एलायझा आणि सूझन या दोन आत्यांच्या नावांतून तिचं नाव तयार झालं म्हणतात. वाढली कॅलिफोर्नियात. १९१७ साली मेरी पिकफर्ड या नटीच्या ‘द लिटल प्रिन्सेस’ चित्रपटात तिला चांगलं काम मिळालं. रूढ अर्थानं ती देखणी नव्हती. मोठे, घाबरल्यासारखे डोळे, किडकिडीत अंग आणि सतत चाळवाचाळव करणारी लांब बोटं. नायिकेची मैत्रीण, मोलकरीण, बावळट शेजारीण अशा कामांसाठी ती हुकमी ठरली.

दिग्दर्शक एरिक फॉन स्ट्रोहाइमनं मात्र याच मुलीला १९२४च्या ‘ग्रीड’ या मूकपटात ट्रीनाची भूमिका दिली. ट्रीनाला पाच हजार डॉलरची लॉटरी लागते आणि तिथून तिच्या संसाराला कीड लागते. घरात खायची भ्रांत, तरी ती सोन्याच्या नाण्यांना हात लावू देत नाही. रात्री एकटीच नाणी काढून घासूनपुसून लख्ख करते, त्यांच्यावरून बोटं फिरवते, अंथरुणात त्यांना जवळ घेऊन पडते. पैसे काढून घ्यायला नवरा तीच बोटं कडाकडा चावतो. ते बघताना माझ्या अंगावर काटा आला. चेहऱ्यावरचं भित्रेपण हळूहळू हावरेपणात उतरत जातं, आणि संवाद ऐकू येत नसूनही बाई आतून कशी पोखरली गेली ते आपल्याला कळतं.

आठ तासांहून मोठा असलेला हा चित्रपट कंपनीनं कापून दोन-सव्वादोन तासांवर आणला. तो चालला नाही. स्ट्रोहाइमनं ‘द वेडिंग मार्च’मध्ये तिला पुन्हा गंभीर भूमिका दिली, पण बोलपट आले आणि तिच्या कापऱ्या, रडवेल्या आवाजानं विनोदी नटीचा शिक्का पक्का केला.

१९३० साली ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ या युद्धपटात ती सैनिकाची आजारी आई झाली होती. रणांगणावरून घरी आलेला मुलगा आणि अंथरुणाला खिळलेली आई, असा तो प्रसंग. चाचणी खेळाला तिला पडद्यावर पाहताच लोक हसले. मग तिचे प्रसंग काढले आणि बेरिल मर्सर या नटीला घेऊन पुन्हा चित्रित केले. या एका गोष्टीची मला आजही चीड येते. तिच्या कामात खोट आहे का, याचा निवाडा त्या हशानं केलाच नव्हता.

पुढे नटी थेल्मा टॉडबरोबरच्या विनोदी लघुपटांत ती खूप गाजली. पॉपायच्या कार्टूनपटांतल्या ऑलिव्ह ऑइलचा आवाज तिच्या आवाजावर बेतला गेला. दूरचित्रवाणीवरही तिनं काम केलं. १९२६ साली बार्बरा ला मार ही नटी वारली, तेव्हा तिच्या लहान मुलाला झासूनं आपल्या घरी वाढवलं. १९६३ साली ती गेली, तोवर काम कधी थांबलं नव्हतं. तिच्या विनोदाला मी कमी लेखत नाही. तसं हसवायला फार मोठं अंग लागतं. पण तिच्यातली ट्रीना पुन्हा फारशी कुणी मागितली नाही, हे नुकसान तिचं जेवढं, तेवढंच आपलंही.

आता तुझं नाटक. ती भूमिका त्या मुलीलाच दे. आणि एक लक्षात ठेव. स्ट्रोहाइमनं झासूच्या हातांची चाळवाचाळव बंद केली नव्हती, तिला नाणी दिली होती. तुमच्या मुलीच्या ज्या लकबींना लोक हसतात, त्या तालमीत पुसून टाकू नकोस. त्या लकबींमागे त्या आईची कुठली भीती, कुठली ओढ आहे, ते दोघी मिळून शोधा. पहिल्या प्रवेशात प्रेक्षक हसले, तरी त्या हशाला भिऊन माघार घेऊ नका. तिला पुढचे प्रवेश मिळाले पाहिजेत. झासूला ते मिळाले नाहीत.

प्रयोगाची तारीख कळव. मी येणारच.

तुझी,
ताई