बाविसावं पान

गिरणीवालीची कथा दिवाळी अंकासाठी लिहिली तेव्हा तिची फुलस्केप २२ पानं झाली. संपादकांनी ३००० शब्द सांगितले होते, माझे साडेपाच हजार भरले. नवरा गेल्यावर त्याची पिठाची गिरणी स्वतः चालवणारी शांता, एवढाच कथेचा जीव. माझ्या वडिलांची गिरणी होती. त्यामुळे मला ठाऊक होतं ते सगळं मी तिच्यात ओतलं होतं.

पंधरा दिवस कागद कपाटात ठेवले. मग दार लावून मोठ्याने वाचायला बसले. डोळ्यांखालून सहज निघून जाणारं वाक्य जिभेला बरोबर अडतं. पहिली तीन पानं पाऊस, गल्ली आणि गिरणीचे गळके पत्रे यांतच गेली होती. चौथ्या पानावर शांता डबा घेऊन आलेल्या बाईला विचारते, "आत्ता ज्वारी दळलीय, त्यावर गहू टाकू का?" कथा तिथे सुरू होत होती. आधीची तीन पानं मला स्वतःला गिरणीपर्यंत पोचायला लागली होती. त्यांच्यावर उभी रेघ मारली.

संवादांमागची स्पष्टीकरणं भराभर गेली. शांता डब्याचं झाकण दणकन लावते, एवढं सांगितल्यावर ती चिडली होती हे कशाला सांगायचं?

शिकलेला पुतण्या मात्र चिवट निघाला. तो विधवांच्या हक्कांवर बोलायचा, आणि बोलायचा ती माझी मतं. ती मतं आजही माझी आहेत. पण शांताला त्याची गरज नव्हती. त्याचं एकच काम कथेला हवं होतं, विजेचं बिल वाचून दाखवणं. ते मी शांतालाच दिलं. ती बोट ठेवून एकेक आकडा लावते, आणि थकबाकीपाशी बोट थांबतं. हा प्रसंग पहिल्या खर्ड्यात नव्हताच.

सर्वांत अवघड गेला तो वडिलांचा परिच्छेद. पडणारं पीठ चिमटीत धरून ते अंगठ्याने चोळत आणि दळण जाड की बारीक ते सांगत. संध्याकाळपर्यंत भुवया पांढऱ्या होत. अंघोळीनंतरही कानामागे पीठ राही. शब्द न शब्द खरा होता. पण शांताचा नवरा गल्ल्यावर बसणारा, दगडाला हात न लावणारा माणूस होता. वडिलांच्या आठवणीने मी त्याला नकळत कष्टाळू आणि मायाळू करून ठेवलं होतं, आणि त्यामुळे शांताचं दुःखही बदललं होतं. दोन दिवस त्या परिच्छेदाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी तो वहीत उतरवून घेतला आणि कथेतून काढला.

तोवर हाताला चटक लागली होती. शेवटच्या पानावर शांता दगडांना स्वतः टाकी लावते, कच जावी म्हणून आधी ओंजळभर जुनी ज्वारी दळून टाकून देते, मग घरचं दळण दळते आणि सासूला भाकरी वाढते. मी टाकीच्या आवाजावरच कथा तोडली. शेवट झोकदार दिसला. पण रात्री झोप लागेना.

रेमंड कार्व्हर या अमेरिकन कथाकाराचा १९८१ सालचा संग्रह त्याचा संपादक गॉर्डन लिश याने निम्म्याहून अधिक कापला होता. त्यातल्या एका कथेत मुलाला वाढदिवशी अपघात होतो आणि केक न नेल्याबद्दल बेकरीवाला घरी फोन करत राहतो. कापलेली कथा त्या फोनवरच तुटते. कार्व्हरने १९८३च्या संग्रहात तिचं मोठं रूप छापलं. त्यात मूल गेल्यावर बेकरीवाला आईबापांना बसवून गरम पाव खाऊ घालतो. मी दोन्ही रूपं वाचली आहेत. पहिल्याने धक्का बसतो. मनात घर करून राहिला आहे तो पाव.

सकाळी उठून बाविसावं पान परत लावलं. सासूच्या तोंडी आधी कौतुकाचे दोन शब्द होते, तेवढे काढले. आता ती घास चावत राहते आणि शांता दाताखाली कचकच वाजतेय का ते ऐकत उभी असते.

शब्द मोजले, ३१८० भरले. संपादकांना फोन करून सांगितलं, याहून एकही कमी होणार नाही.

"पाठवा," ते म्हणाले.