हिमशिखर आणि वाटाड्या

विरारसारख्या समुद्रकांठच्या गांवीं राहणाऱ्या मनुष्यास पर्वत म्हणजे जीवदानीचा डोंगर. हजारावर पायऱ्या, वर देवीचें दर्शन, पश्चिमेस समुद्राची रेघ आणि उतरतांना गुडघ्यांची कुरकूर, एवढ्यानें आमची डोंगर चढण्याची हौस आजवर भागत आली. हिमालय आम्हांस भेटला तो ग्रंथांतून. कालिदासानें कुमारसंभवाचा आरंभच हिमालयाच्या वर्णनानें केला आहे. तो सर्ग मुलांना शिकवितांना आम्हींहि बर्फाचीं शिखरें मनोमन पुष्कळ पाहिलीं. परंतु वर्णनांतलें बर्फ अंगाला झोंबत नाहीं. घरांतला एक तरुण जेव्हां त्या बर्फावर पाऊल टाकण्याची परवानगी मागूं लागतो, तेव्हां काव्य एकीकडे राहतें आणि गृहस्थास निराळाच विचार करावा लागतो.

आमचे धाकटे बंधु निवर्तल्यापासून त्यांचा मुलगा आमच्याच देखरेखीखालीं वाढला. हल्लीं तो मुंबईस नोकरी करतो. त्यानें गेल्या वर्षीं सांगितलें कीं, लडाखांत कांग यात्से नांवाचा पर्वत आहे. त्याच्या दोन शिखरांपैकीं धाकटें सुमारें ६,२०० मीटर उंच असून तेथें वाटाड्यांबरोबर मोहिमा जातात, आणि अशा एका मोहिमेंत आपलें नांव घालावें असें त्याच्या मनांत आहे. घरांत एकच गलबला झाला. कोणी विचारलें, "तेथें देऊळ आहे का?" कोणी हिशेब मांडला कीं, एवढ्या पैशांत सबंध कुटुंबाची काशीयात्रा होईल. त्याची आई मात्र सर्वांचें बोलणें संपेपर्यंत थांबली आणि इतकेंच म्हणाली, "भावोजी, तो परत येईल ना?"

ह्या एका प्रश्नाचें उत्तर देणें घरांतील कर्ते म्हणून आमच्याकडे आलें. "येईल" असें बेधडक म्हणणें खोटें झालें असतें, आणि "जाऊं नको" म्हणणें सोपें असलें तरी न्यायाचें नव्हतें. म्हणून आम्हीं आधीं माहिती मिळविली.

समुद्रसपाटीच्या मानानें साडेपांच हजार मीटरांवर हवेचा दाब निम्म्यावर येतो, आणि प्रत्येक श्वासांतला प्राणवायुहि त्याच प्रमाणांत घटतो. लेह शहरच मुळीं ३,५०० मीटर उंचीवर आहे. विमान मनुष्यास तेथें कांहीं तासांत नेऊन सोडतें. त्याचें शरीर मात्र मागाहून, दिवसांच्या हिशेबानें पोंचतें! म्हणून पहिले दोन-तीन दिवस स्वस्थ बसावें, आणि पुढें रोजचा मुक्काम आदल्या मुक्कामाहून फार उंच नसावा, असा नियम आहे. हा नियम मोडणाऱ्यास प्रथम डोकें दुखतें व अन्न नकोसें होतें. पुढें फुप्फुसांत किंवा मेंदूंत पाणी साठून जीवावर बेततें. मौज अशी कीं, ह्या विकारापुढें तालीमबाज आणि अशक्त असा भेद उरत नाहीं. त्यावर खरा उपाय एकच, तो म्हणजे खालीं उतरणें. शिवाय हिमनदीच्या पृष्ठावर खोल भेगा असतात आणि ताजें बर्फ त्यांवर पांघरूण घालतें. म्हणून सर्वांनीं एका दोरास बांधून घ्यावयाचें, बुटांना लोखंडी कांटे लावावयाचे, आणि बर्फ टणक असतें तोंवर जाऊन यावें म्हणून मध्यरात्रींच निघावयाचें.

आपल्या मराठी मंडळींनीं ह्या विद्येंत केवढी मजल मारली आहे, हेंहि तेव्हांच नीट समजलें. १९९८ सालीं सुरेन्द्र चव्हाण एव्हरेस्टवर पोंचले. पुण्याच्या 'गिरिप्रेमी' संस्थेचे आठ गिर्यारोहक उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखालीं २०१२ सालीं त्याच शिखरावर उभे राहिले, आणि २०१९ सालीं तिच्याच दहा जणांनीं ८,५८६ मीटर उंचीचें कांचनगंगा शिखर गांठलें. हें एका उन्हाळ्यांत साधणारें काम नव्हे. सह्याद्रीच्या कड्यांवर वर्षानुवर्षें सराव करून, उत्तरकाशीसारख्या ठिकाणीं रीतसर शिक्षण घेऊन मग लोक तेथवर जातात.

परंतु आमचें मन अधिक खिळलें तें एका दुःखद हकीकतीवर. १० मे १९९६ रोजीं एव्हरेस्टवर पैसे भरून आलेल्या लोकांना घेऊन दोन नामांकित नायक, रॉब हॉल आणि स्कॉट फिशर, चढत होते. दुपारीं दोनच्या सुमारास जेथें असूं तेथून माघारीं फिरावयाचें, हा शहाणपणाचा दंडक सर्वांस ठाऊक होता. तरीहि कित्येक जण ती वेळ टळल्यावर वर चढत राहिले. सायंकाळीं वादळ उठलें. पर्वताच्या दोन्ही बाजू मिळून आठ जण दगावले. त्यांत हे दोघे नायक होते, आणि उत्तरेच्या बाजूनें चढलेले तीन भारतीय जवानहि होते. ज्यानें मोठी रक्कम भरली आहे, त्यास शिखर दिसत असतां "आतां फीर" म्हणणें वाटाड्यास किती जड जात असेल! पण त्याची खरी विद्या त्या दोन शब्दांतच आहे.

दुसरी गोष्टहि विसरतां येत नाहीं. १८ एप्रिल २०१४ रोजीं त्याच पर्वताच्या खुंबू हिमप्रपातांत बर्फाचा कडा कोसळून सोळा नेपाळी कामकरी मरण पावले. दुसऱ्यांच्या चढाईसाठीं वाट करणारे आणि ओझीं वाहणारे ते लोक होते. वाटाड्या बरोबर घेतला म्हणजे धोका विकत देऊन टाकला, असें नाहीं. आपल्या धोक्यांत आणखी एका घराचा कर्ता पुरुष भागीदार होतो.

हें वाचीत असतां आम्हांस महाभारतांतील सतरावें पर्व वारंवार आठवूं लागलें. पांडव हिमालयांत चालूं लागतात. द्रौपदी, सहदेव, नकुल, अर्जुन, भीम असे एकामागून एक कोसळतात. भीम दर वेळीं कारण विचारतो. धर्मराज त्या त्या व्यक्तीचा दोष सांगतो आणि मागें न पाहतां पुढें जातो. महाप्रस्थानास तेंच उचित, कारण त्या वाटेनें परत येणें नाहीं. परंतु संसारी मनुष्याच्या चढाईचा धर्म ह्याच्या नेमका उलट आहे. तेथें जो पुढें चालतो त्यानें पदोपदीं मागें वळून पाहिलें पाहिजे, आणि पडणाऱ्याचा दोष सांगत न बसतां त्यास उचलून खालीं आणलें पाहिजे.

मग आम्हीं मुलास तीन प्रश्न लिहून दिले. एका वाटाड्यामागें किती माणसें? माघारीं फिरण्याचा शब्द शेवटीं कोणाचा? आणि वाटाड्याचा व ओझीं वाहणाऱ्यांचा विमा उतरला आहे काय? त्यानें दोन ठिकाणीं विचारणा केली. एका ठिकाणीं उत्तर मिळालें कीं, शिखराची हमी आमची. तें नांव आम्हीं लगेच खोडलें. पास करून देण्याची हमी देणारे शिकवणीवाले उभ्या हयातींत आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत! दुसरीकडून उत्तर आलें, "फिरण्याचा शब्द वाटाड्याचा, त्यावर वाद नाहीं." तेथें त्याचें नांव घातलें. पुढें चार महिने तो पहांटे पाठीवर ओझें घेऊन जीवदानी चढे-उतरे आणि मग कामाची लोकल गांठी.

चढाईच्या रात्रीं पांच हजार आठशें मीटरांच्या आसपास त्याचें डोकें ठणकूं लागलें व त्यास वांती झाली. तो म्हणाला, "मी ठीक आहें." वाटाड्यानें त्यास बर्फावर एका रेघेंत, टांचेला चवडा लावून, चालावयास सांगितलें. चौथ्या पावलास तोल गेला. शिखर चांदण्यांत दिसत होतें. वाटाड्यानें बाकीच्यांस सोबत्याच्या स्वाधीन केलें आणि ह्यास दोरास बांधून तत्काळ खालीं आणलें. सूर्य वर येईपर्यंत त्याची प्रकृति ताळ्यावर आली होती.

तो घरीं आल्यावर येणारा-जाणारा एकच विचारी, "शिखर गांठलें का?" "नाहीं" म्हणतांना मुलाची मान खालीं जाई. त्याच्या आईनें मात्र तो प्रश्न एकदांहि विचारला नाहीं. तिनें वाटाड्याचें नांव-गांव विचारलें, त्यास मुलेंबाळें किती तें विचारलें, आणि डिंकाच्या लाडवांचा डबा शिवून लडाखच्या पत्त्यावर धाडला. सर्व व्यवहाराचा अर्थ घरांत प्रथम तिलाच उमगला, असें आम्हांस वाटतें.

वाचकांच्या घरींहि आज ना उद्यां अशी मागणी येईल. तरुणांस उंचीची ओढ असावी हें इष्टच आहे. वडिलांनीं ती केवळ भयानें खुडूं नये. त्यांचें काम एवढेंच कीं, मूल कोणाच्या दोरास बांधलें जात आहे तें पाहणें. "चल" म्हणणारे पुष्कळ भेटतात. वेळेवर "फीर" म्हणणारा मोठ्या भाग्यानें लाभतो. तो लाभला असेल, तर शिखर पुढच्या वर्षींहि तेथेंच उभें असतें.