पांचव्या विजयानंतर

स्नेहसंमेलनांतील कौटुंबिक प्रश्नमंजूषेची ढाल यंदा लागोपाठ तिसऱ्या वर्षीं एकाच घरीं गेली, तेव्हां टाळ्यांचा गजर पहिल्या वर्षापेक्षां बराच मंद होता, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत आली असेल. आईवडील व मुलें यांनीं मिळून उत्तरें देण्याचा हा सामना मुलांइतकाच पालकांनाहि प्रिय आहे. परंतु यंदा नांवें देणाऱ्या घरांची संख्या गतवर्षाच्या निम्मीहि भरली नाहीं. “त्यांच्यापुढें उभें राहून करावयाचें काय?” असें एका पालकांनीं मला फाटकापाशींच विचारलें. पुढें चिटणिसांकडे एक सूचना आली कीं, दोनदां जिंकलेल्या कुटुंबास पुन्हां भाग घेऊं देऊं नये. तिजवर माझें मत मागितलें गेलें, म्हणून हा लेखनप्रपंच.

या विषयांत माझा कांहीं अधिकार नाहीं. परंतु माझी कन्या अमेरिकेंत असते, व तिच्याकडे दोन महिने राहिलों असतां रोज संध्याकाळीं ‘फॅमिली फ्यूड’ नांवाचा दूरचित्रवाणीवरील खेळ पाहण्याचा मला छंदच जडला. हा खेळ तेथें १२ जुलै १९७६ रोजीं सुरू झाला. हल्लीं प्रत्येक पक्षांत एका कुटुंबांतील पांच माणसें असतात, आणि विचारावयाचा प्रश्न आधीं शंभर लोकांना विचारून ठेविलेला असतो. खरें उत्तर कोणतें याला येथें महत्त्व नाहीं. त्या शंभरांतील पुष्कळांनीं काय सांगितलें असेल, एवढेंच ओळखावयाचें. त्यामुळें पंडिताच्या घराची येथें फारशी सरशी होत नाहीं; उलट जो चारचौघांसारखा विचार करूं शकतो त्याचें फावतें. (माझी नात यांत घरांतील सर्वांच्या पुढें होती.)

जिंकलेलें कुटुंब पुढच्या सामन्यांत नव्या कुटुंबाशीं खेळावयास परत येतें. परंतु पांच सामने जिंकले कीं त्याला निरोप मिळतो. २००९ पासून पांचव्या विजयाबरोबर एक मोटार देण्याची चाल आहे. ती घ्यावयाची आणि हंसतमुखानें निघावयाचें. १९९९ पासून २००२ पर्यंत तर परत येण्याचीच सोय नव्हती. प्रत्येक खेळांत दोन्ही कुटुंबें नवीं. “आजोबा, जे हरलेच नाहींत त्यांना घरीं कां पाठवायचें?” असा नातीचा नित्याचा प्रश्न असे. तिच्या आईचें म्हणणें असें कीं, बाहेर कितीतरी कुटुंबें वाट पाहत आहेत, त्यांनाहि पाळी मिळाली पाहिजे. या वादांत मी बहुधा मौन पाळीत असें. परंतु मनांत तो घोळतच राहिला.

त्या खेळांत दुबळ्या पक्षाला हात देण्याची आणखीहि एक युक्ति आहे. पुढच्या फेऱ्यांतील गुण दुप्पट व शेवटीं तिप्पट धरितात, म्हणजे मागें पडलेलें घर एका फेरींत वर येऊं शकतें. प्रेक्षकांना हें आवडतें. मला मात्र आवडत नाहीं; आरंभीं कष्टानें मिळविलेल्या गुणांची किंमत त्यांत मातीमोल होते.

याच्या उलट उदाहरण ‘जेपर्डी’ या दुसऱ्या प्रसिद्ध खेळाचें आहे. तो ज्ञानाचा खेळ असून त्यांत एकेकटा मनुष्य उतरतो. तेथेंहि पांच विजयांची मर्यादा होती. ती २००३ सालीं काढून टाकण्यांत आली. पुढच्याच वर्षीं केन जेनिंग्ज नांवाचा एक गृहस्थ आला, तो लागोपाठ ७४ सामने जिंकून व २५,२०,७०० डॉलर मिळवून ३० नोव्हेंबर २००४ रोजीं प्रक्षेपित झालेल्या सामन्यांत हरला. त्याचें ज्ञान अफाट होतें यांत शंका नाहीं. परंतु त्या खेळांत ज्ञानाइतकीच बझरची किंमत आहे. सूत्रधार प्रश्न वाचून संपवीपर्यंत बझर बंद असतो. कोणी उतावीळपणें आधीं दाबला तर क्षणमात्र त्याचा बझर चालत नाहीं, आणि तेवढ्यांत दुसरा उत्तर देऊन मोकळा होतो. बझर खुला करण्याचें काम एक माणूस हातानें करितो. रोज त्याच जागीं उभें राहणाऱ्याला त्या माणसाच्या हाताचा ताल कळूं लागतो. नव्याला तो कसा कळावा? हें ध्यानांत आल्यावर चालकांनीं जेनिंग्ज याला घालविलें नाहीं. त्यांनीं नव्या स्पर्धकांना बझरचा सराव करण्यास अधिक वेळ दिला, आणि बझर खुला करणारा माणूस बदलला. ही हकीकत जेनिंग्ज यानेंच आपल्या पुस्तकांत लिहून ठेविली आहे.

मला हा उपाय फार शहाणपणाचा वाटतो. विजेत्याच्या अंगीं दोन प्रकारचीं बळें असतात: एक त्याच्या अभ्यासाचें, आणि दुसरें केवळ जागेच्या परिचयाचें. पहिलें त्याचें स्वतःचें आहे. त्याला हात लावण्याचा कोणास अधिकार नाहीं. दुसरें मात्र त्याला आपण दिलेलें असतें, आणि तें सर्वांना सारखें वांटून देणें आपल्याच हातीं आहे.

विजेत्यावर लोकांचें प्रेम बसलें म्हणजे निराळाच अनर्थ होतो, हेंहि त्याच देशानें पाहिलें आहे. १९५६ सालीं ‘ट्वेंटी-वन’ नांवाच्या खेळांत हर्बर्ट स्टेंपेल हा आठवड्यामागून आठवडे जिंकत होता. चालकांना त्याच्या जागीं देखणा व सुशिक्षित असा चार्ल्स व्हॅन डोरेन हवा होता. तेव्हां स्टेंपेलला हरण्यास सांगण्यांत आलें. तेंहि ‘मार्टी’ या बोलपटाविषयींच्या प्रश्नावर, जो त्याचा अत्यंत आवडता बोलपट होता. उत्तर ठाऊक असून त्यानें मुद्दाम दुसरें नांव सांगितलें. व्हॅन डोरेनला प्रश्न व उत्तरें आधींच पुरविलीं जात, हें त्यानें १९५९ सालीं अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढें कबूल केलें, आणि १९६० सालीं अशी लबाडी कायद्यानें गुन्हा ठरली. म्हणजे विजेत्याला काढणें व विजेत्याला ठेवणें, दोन्ही गोष्टी चालकाच्या मर्जीवर सोडल्या कीं खेळ संपलाच. नियम काय करावयाचा तो करावा, पण सामन्यापूर्वीं करावा, आणि कोणाचें घर डोळ्यांपुढें ठेवून करूं नये. आपल्याकडे आलेल्या सूचनेंत कोणाचें नांव लिहिलेलें नाहीं. तरी तें कोणाला वाचतां येत नाहीं असें नाहीं.

शिवाय अमेरिकेंतील पांचांची मर्यादा ज्या कारणास्तव योग्य ठरते तें कारण आपल्या येथें नाहीं. तेथें दाराबाहेर रांग आहे. एकानें जागा सोडली तर दुसऱ्यास मिळते. आपल्या मंचावर खुर्च्या रिकाम्या राहिल्या आहेत. एका घराला घालविल्यानें दुसऱ्या घराला आज नसलेलें असें काय मिळणार? उलट पुढें जो कोणी जिंकेल, तो ‘ते नव्हते म्हणून जिंकला’ असें सर्वजण म्हणतील. मला जी उणीव दिसते ती निराळी आहे. त्या कुटुंबानें घरीं बझर आणून सराव केला आहे. बाकीच्या घरांतील मंडळी बझरला प्रथम हात लावतात तो मंचावर, सहाशें डोळ्यांसमोर! आमच्या मराठी वर्गांतील कित्येक मुलांना उत्तर येत असतें, पण बोट वेळेवर उठत नाहीं.

हें सर्व लिहून झालें होतें, इतक्यांत त्या घरची धाकटी मुलगी मधल्या सुटींत मजकडे आली. ती सातवींत आहे. “सर, पुढच्या वर्षीं आम्ही नांव दिलें नाहीं तर चालेल ना?” तिनें विचारलें. कारण विचारतां ती बराच वेळ बोलेना, मग म्हणाली, “वर्गांत मला कोणी आपल्या गटांत घेत नाहीं.” तिच्या आईवडिलांना हें ठाऊक नाहीं, व सांगूं नये अशी तिनें विनंति केली. त्यांनीं हा अंक वाचला तर त्यांना कळेलच, म्हणून छापण्यापूर्वीं मीं तिची अनुमति घेतली. ती मिळण्यास चार दिवस लागले.

तूर्त मीं समितीला इतकेंच कळविलें आहे कीं, मर्यादेचा विचार तहकूब ठेवावा, आणि शाळेचे दोन्ही बझर जूनपासून दर शनिवारीं शाळा सुटल्यावर दिवाणखान्यांत ठेवावे. ज्या पालकांना मुलांसह यावयाचें असेल त्यांनीं अवश्य यावें. किल्ली मजपाशीं आहे. त्या मुलीनेंहि येण्याचें कबूल केलें आहे, परंतु नव्या मुलांना प्रश्न वाचून दाखविण्यासाठीं. बझर दाबावयाचा कीं नाहीं, हें तिनें अद्याप ठरविलेलें नाहीं.