भाड्याच्या खोल्या

धरमपुरीच्या आमच्या घरी अंगणाच्या कडेला दोन खोल्या होत्या, त्या कायम भाड्याने असत. कधी मास्तर, कधी तहसील कचेरीतले कारकून. व्यवहार सगळा आजीच्या हाती. भाडं आलं की ती वहीत मांडायची आणि त्यातले थोडे पैसे वेगळ्या डब्यात टाकायची. पावसाळ्याआधी कौलं शाकारायचा खर्च त्याच डब्यातून निघे. भाड्यात घराचाही वाटा असतो, हे मी तिच्याकडून शिकलो.

पुढे नोकरीनिमित्त देवासला गेलो आणि स्वतःच भाडेकरू झालो. नोटांचं मुद्रणालय आणि कारखाने आल्यापासून तिथे खोल्यांना गिऱ्हाईक भरपूर, पाण्याचे मात्र हाल. 1990 साली तर इंदूरहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. आमच्या घरमालकीणबाई टाकीला कुलूप लावत आणि सकाळी उभं राहून प्रत्येक बिऱ्हाडाला सारख्या बादल्या देत. त्यांनी भाडं वाढवलं तरी खोली कुणी सोडली नाही.

मग माझी पाळी आली. पीथमपूरला कारखान्यांमुळे कामगारांना खोल्या लागतातच, म्हणून तिकडे एक लहानसं घर घ्यायचं ठरवलं. कागदावर आकडे मांडले. समजा घर 20 लाखांचं आणि भाडं महिना 7 हजार, तर वर्षाला 84 हजार, म्हणजे 4.2 टक्के. घर महिनाभर रिकामं राहिलं, वर घरपट्टी आणि दुरुस्ती आली, की हाती तीन-साडेतीन टक्केच उरतात. कर्जाचं व्याज याहून कितीतरी जास्त. त्यामुळे बहुतेक पैसा साठवूनच घर घेतलं. आयकरात घरपट्टी वजा जाता उरलेल्या भाड्यावर 30 टक्के सूट मिळते, तेवढाच आधार. करारनामा 11 महिन्यांचा करतो, कारण वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देतो आणि भाड्यातला एक हिस्सा आजीसारखाच बाजूला ठेवतो.

धरमपुरीत मात्र आता गुंतवणुकीचा विचार निराळ्या तऱ्हेने करावा लागतो. सरदार सरोवराच्या बुडितात मध्य प्रदेशातलं जे एक शहर धरलं गेलं, ते आमचं. सप्टेंबर 2019 मध्ये धरण पहिल्यांदा 138.68 मीटरपर्यंत भरलं, तेव्हापासून इथे घराची चौकशी करणारा आधी विचारतो, पाणी कुठवर येतं? देवासला पाण्याचे हाल असूनही खोली कुणी सोडली नाही, इथे मात्र पाण्यामुळेच खोली रिकामी राहते. भाव, व्याज, करार हे सगळं त्यानंतरचं. माणूस जिथे सुखाने राहू शकत नाही, त्या घराचं भाडं कागदावरच राहतं.

म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे : पहिलं घर लहान घ्या, कर्ज कमी काढा आणि बयाणा देण्याआधी एकदा वैशाखात नि एकदा श्रावणात जाऊन तिथलं पाणी पाहून या.