चूल न विझवता

घरात काम काढलं की गृहिणीचा पहिला प्रश्न ठरलेला : 'स्वयंपाक कुठे करायचा?' गवंडी म्हणतो, 'ताई, चार दिवसांत ओटा मोकळा करून देतो.' पण त्याचे चार दिवस किती लांबतात, हे तिला पुरतं ठाऊक असतं. ती आधी गॅलरीत शेगडी मांडून घेते आणि मगच ओट्याला हात लावू देते. भिंती उघड्या पडल्या तरी चालतील, पानं वेळेवर वाढली गेली पाहिजेत.

संगणकाच्या जगातल्या एका अवाढव्य घरानेही हीच रीत पाळली. त्याचं नाव लिनक्स. १९९१ साली लायनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने त्याचा पाया घातला. आज आपल्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशी त्याचाच गाभा आहे. जगभरातले हजारो प्रोग्रामर या एकाच सामायिक लिखाणात भर घालतात. त्या लिखाणातून यंत्रावर चालणारा प्रोग्राम तयार करणं म्हणजे 'बिल्ड'. एकाच्या चुकीने तो तुटला, तर ज्यांचा काही दोष नाही अशांचंही काम अडतं.

१९९६च्या २.० या आवृत्तीत एकाहून अधिक प्रोसेसर असलेल्या यंत्रांसाठी एक मोठं कुलूप आलं, 'बिग कर्नल लॉक'. गाभ्यात एका वेळी एकाच प्रोसेसरला प्रवेश. साऱ्या घराला एकच किल्ली! सुरुवातीला ती सोय होती. प्रोसेसर वाढले, तशी दाराशी रांग लागू लागली.

मग कुलूप तोडून का टाकलं नाही? कारण कोणती खोली त्याच्या भरवशावर आहे, हे नेमकं सांगणं कठीण होतं. म्हणून ते हळूहळू सरकवलं. मुख्य दारावरून आतल्या एकेका खोलीच्या दाराशी. मग त्या खोलीला स्वतःचं छोटं कुलूप दिलं. गरज नव्हती तिथे काढूनच टाकलं. जानेवारी २०११मधल्या २.६.३७ या आवृत्तीत मोठ्या कुलपाशिवायही गाभा बिल्ड करता येऊ लागला. त्याच वर्षी मे महिन्यातल्या २.६.३९मध्ये त्याचे उरलेसुरले अवशेषही गेले. ते शेवटचं काम जर्मन प्रोग्रामर आर्न्ड बर्गमन यांचं. या पंधरा वर्षांत नव्या आवृत्त्या मात्र निघतच राहिल्या.

या मंडळींचा नियम साधा आहे. मोठा बदल लहान तुकड्यांत करायचा आणि प्रत्येक तुकड्यानंतर गाभा बिल्ड झाला पाहिजे, चाललाही पाहिजे. त्यामागे व्यवहार आहे. पुढे कधी दोष निघाला, तर मधल्या बदलाशी जाऊन पाहतात : दोष याच्या आधीचा की नंतरचा? दर वेळी निम्मे बदल बाद होतात. हजार बदलांतला दोषी सुमारे दहा चाचण्यांत सापडतो. पण मधलीच पायरी मोडकी असेल, तर शोध तिथेच अडतो.

२००८ साली ऑस्ट्रेलियातल्या स्टीफन रॉथवेल यांनी आणखी एक काम अंगावर घेतलं. सगळ्यांचे येऊ घातलेले बदल कामाच्या दिवशी रोज एकत्र करायचे आणि बिल्ड करून पाहायचे. भांड्याला भांडं लागणार असेल, तर ते आधीच कळावं.

हुशार माणसाला सगळं एकदम पाडून नव्याने उभारायचा मोह होतो. 'मागाहून जोडू' असं तो म्हणतो. त्याचं ते 'मागाहून' होईपर्यंत बाकीचे उपाशी बसतात. एकत्र राहायचं, तर ओटा फोडण्याआधी शेगडी मांडावी लागते.